बीटल्सच्या चौघांच्या सह्या : खऱ्या की गंडवागंडवी?

निखिल_डोंबिवली

मंडळी नमस्कार. इतके दिवस वाचनमात्र होतो, आज अडलो म्हणून धागा काढतोय.

मोठ्या भावाची पन्नाशी आहे पुढच्या महिन्यात. दादा कॉलेजपासून बीटल्सचा, म्हणजे साठच्या दशकातल्या त्या इंग्लिश बँडचा, वेडा, घरात दुसरं काही लागूच द्यायचा नाही. तर ओळखीतून दक्षिण मुंबईतल्या एका जुन्या वस्तूंच्या दुकानात एक फ्रेम बघायला मिळाली. ऑटोग्राफ बुकातलं एक छोटं गुलाबीसर पान, त्यावर चौघांच्या (जॉन, पॉल, जॉर्ज, रिंगो) सह्या, तीन निळ्या बॉलपेनने आणि रिंगोची काळ्या जाड मार्करने, आणि वर चौघांचा ब्लॅक अँड व्हाइट फोटो, सगळं काचेत बंद. मागे एक सर्टिफिकेट चिकटवलंय, त्याला होलोग्रामचं स्टिकर पण आहे. दुकानदार सांगतो की त्याचे वडील १९६६ ला ताजमध्ये कामाला होते, बीटल्स तिथे उतरले तेव्हा वडिलांनी स्वतः रूममध्ये जाऊन चौघांच्या सह्या घेतल्या. किंमत २ लाख ८०, "तुमच्यासाठी अडीच".

पैसे जमवलेत, पण हात धजत नाहीये. सह्या नेटवरच्या फोटोंशी लावून बघितल्या तर अगदी हुबेहूब वाटतात. कोणी जाणकार आहे का इथे? फोटो खाली टाकलेत.

---

गिरगावकर

निखिलराव, सह्या नंतर बघू, आधी ती ताजची गोष्ट बघा. अर्धी खरी आहे म्हणूनच खपते ती.

१९६६ च्या सप्टेंबरमध्ये ताजमध्ये उतरला होता तो एकटा जॉर्ज हॅरिसन, बायको पॅटीबरोबर. रविशंकरांकडे सतार शिकायला आला होता, मिशी वाढवून आणि खोट्या नावाने, पण बातमी फुटलीच आणि हॉटेलबाहेर पोरापोरींची ही गर्दी. शेवटी पत्रकार परिषद घेऊन सांगावं लागलं की बाबांनो मी इथे शिकायला आलोय, मला जरा शांतता द्या. मग रविशंकर त्यांना घेऊन काश्मीरला गेले. त्या दिवसांत जॉन सिनेमाच्या शूटिंगसाठी युरोपात होता. मग ताजच्या रूममध्ये जॉनची सही कोणी केली, रूम सर्व्हिसने?

चौघं मिळून भारतात थांबले ते त्याच वर्षी जुलैत, दिल्लीत, मनिलाहून परतताना. मनिलात राष्ट्राध्यक्षांच्या बायकोच्या, म्हणजे मार्कोसबाईंच्या, पार्टीला न गेल्यामुळे त्यांची जी पळता भुई थोडी झाली होती ती गोष्ट सगळ्यांना माहितीय. पुढे १९६८ च्या जानेवारीत जॉर्ज परत मुंबईत आला, फोर्टात एचएमव्हीच्या स्टुडिओत आपल्या वादकांना घेऊन रेकॉर्डिंग केलं, तेव्हाही एकटाच. आणि फेब्रुवारीत चौघं ऋषिकेशला गेले, ते दिल्लीवरून. मुंबईत चौघं मिळून मुक्कामाला कधी आलेच नाहीत हो. एकट्या जॉर्जची सही दाखवली असती तर मीच म्हणालो असतो की जरा खोलात जाऊन बघा.

---

अपर्णा_लेस्टर

गिरगावकरांना +१. मी इथे यूकेत लिलावांना जाते अधूनमधून, घेते कमी आणि बघते जास्त, त्यामुळे थोडं सह्यांबद्दल लिहिते. निखिल, तू लिहिलंयस की नेटवरच्या फोटोशी हुबेहूब जुळतात. मला नेमकी तीच भीती वाटतेय. कुठलाही माणूस दोनदा तंतोतंत तीच सही करत नाही, तू बँकेत केलेल्या तुझ्याच दोन सह्या एकावर एक ठेवून बघ. जुळायला हवं ते वळण, वेग, अक्षरांमधलं अंतर. रेघ न् रेघ जुळली तर ती गिरवलेली किंवा मशीनने केलेली असण्याची शक्यता जास्त.

अमेरिकन गायक बॉब डिलनचं २०२२ चं प्रकरण आठवत असेल. त्याच्या पुस्तकाच्या ९०० प्रती "हाताने सही केलेल्या" म्हणून ५९९ डॉलरला एक अशा विकल्या, सोबत प्रकाशकाचं पत्र. लोकांनी आपापल्या प्रतींचे फोटो टाकले आणि सह्या एकमेकींवर बसायला लागल्या, ऑटोपेन, म्हणजे सही करणारं मशीन होतं ते. प्रकाशकाला पैसे परत द्यावे लागले, डिलनने स्वतः माफी मागितली. आणि पत्र तर थेट प्रकाशकाचं होतं बरं का, कुठल्या दुकानदाराचं नव्हे.

बीटल्सचं दुखणं याहून वेगळं आहे. १९६३-६४ मध्ये त्यांच्यावर सह्यांचा इतका मारा होता की त्यांचे रोड मॅनेजर नील ॲस्पिनॉल आणि मॅल इव्हान्स सरळ चौघांच्या नावाने सह्या ठोकायचे. पोरं स्टेजच्या दारात वह्या द्यायची, वही आत जायची, सह्या होऊन बाहेर यायची, आत कोणी केल्या हे पोरांना काय कळणार? म्हणजे गंमत बघ, वही खरी, तारीख खरी, ज्या बाईकडे ती साठ वर्षं आहे ती पण शंभर टक्के खरं बोलतेय, आणि तरी सही नीलची. कधी कधी त्यांच्यातलाच एकजण बाकीच्यांच्या सह्या करून टाकायचा. शिवाय फॅन क्लबचे फोटो यायचे त्यावर सह्या छापलेल्याच असायच्या, भिंगाखाली छपाईचे ठिपके दिसतात किंवा शाई कागदावर एकदम सपाट बसलेली दिसते, दाबाचा मागमूस नसतो.

हाताने केलेली खोटी सही कशी पकडायची तर भिंग घेऊन रेघेचं सुरू होणं आणि संपणं बघ. भराभर सही करणाऱ्याचं पेन कागदावर टेकायच्या आधीच चालत असतं, त्यामुळे रेघेची टोकं निमुळती येतात. बघून बघून काढणाऱ्याची टोकं बोथट असतात, मध्ये मध्ये पेन थबकल्याचे शाईचे ठिपके दिसतात, वळणावर बारीक थरथर असते आणि दाब सगळीकडे सारखा. बॉलपेन असेल तर पानाच्या मागच्या बाजूला बोट फिरवून उठाव जाणवायला हवा. आणि मागची बाजू हा तर खजिना असतो, खऱ्या ऑटोग्राफ बुकात मागे कुणा मैत्रिणीची चारोळी, दुसऱ्या कुणा गायकाची सही, समोरच्या पानाची उमटलेली शाई असं काहीतरी सापडतंच. तुझं पान फ्रेममध्ये चिकटवलंय. का चिकटवलंय ते विचार.

मार्करबद्दल, मार्कर दिसला की खोटंच, असं नाही. पेंटेलचं फायबर टिपचं पेन जपानमध्ये १९६२ ला आलं, शार्पी मार्कर अमेरिकेत १९६४ ला, म्हणजे १९६६ ला ते असू शकतं. पण तिघांनी एकाच पेनने सह्या केल्या आणि रिंगोला तेवढा वेगळा मार्कर दिला? असं होत नाही असं नाही, पण मला खटकलं. चंदेरी-सोनेरी पेंट पेनने केलेली "साठच्या दशकातली" सही दिसली तर मात्र न बोलता चालू लागायचं.

---

निखिल_डोंबिवली

बाप रे, धन्यवाद. अपर्णाताई, यूव्ही टॉर्चखाली बघितलं तर कळेल का? यूट्यूबवर दाखवतात तसं, नवा कागद निळा चमकतो म्हणे.

---

अपर्णा_लेस्टर

अर्धवट कळेल. कागद चमकवणारं ते रसायन १९५० च्या दशकापासूनच सर्रास वापरात आलं. त्यामुळे १९२० चं म्हणून विकलेलं पत्र चमकलं तर ते नक्की पकडलं जातं, पण १९६६ चं पान चमकलं तरी काही सिद्ध होत नाही, नाही चमकलं तरी नाही. कोरी जुनी ऑटोग्राफ बुकं बाजारात ढिगाने मिळतात, खोटारडे तीच वापरतात. जुना कागद म्हणजे जुनी सही नव्हे.

---

खडूस_कलेक्टर

सगळे शाईत घुसलेत, मी सर्टिफिकेटवर बोलतो. ते होलोग्रामवालं सर्टिफिकेट कोणी दिलंय? फोटो झूम केला तर फक्त "ऑथेंटिक सिग्नेचर" आणि एक नंबर, ना माणसाचं नाव ना पत्ता. असलं स्टिकर कोणीही प्रिंटिंगवाल्याकडून छापून आणू शकतो.

अमेरिकेत नव्वदच्या दशकात एफबीआयने ऑपरेशन बुलपेन म्हणून मोहीम काढली होती, मुख्यतः खेळाडूंच्या सह्या, पण सिनेमा-संगीतवाल्यांच्याही. त्या टोळ्या सही आणि सर्टिफिकेट दोन्ही जोडीनेच बनवायच्या. पकडलेल्या मालात काय होतं माहितीय? मदर तेरेसांच्या सहीचा बेसबॉल!! मदर तेरेसा आणि बेसबॉल, आणि हे पण कोणीतरी विकत घेत होतं. तेव्हापासून मी कागद बघतच नाही, कागद देणारा बघतो. बीटल्सच्या सह्या बघणारी मोजकी माणसं आहेत जगात, अमेरिकेतला फ्रँक कायाझो, इंग्लंडमधले ट्रॅक्सवाले, मोठी लिलावघरं अशांचं मत विचारतात. दुकानदाराला म्हणा, यांच्यापैकी कुणाचं मत घेऊन दाखव, खरं निघालं तर फी मी देतो. खरा माल असलेला माणूस उडी मारेल, कारण त्याचीच किंमत वाढते.

किमतीचंही गणित बसत नाही. वहीच्या पानावरचा चौघांचा खात्रीचा सेट काही हजार पौंडांना जातो, तो पण १९६३-६४ चा. १९६६ च्या ऑगस्टमध्ये सॅन फ्रान्सिस्कोचा शो करून त्यांनी टूर बंद केल्या, मग चौघं एकत्र सापडायचेच कमी, म्हणून त्यापुढचा सेट अजून दुर्मिळ. चौघांच्या सह्यांचं १९६७ च्या अल्बमचं एक कव्हर २०१३ मध्ये अमेरिकेत २,९०,५०० डॉलरला गेलं होतं. आणि हा गृहस्थ सप्टेंबर ६६ चा म्हणवणारा सेट "तुमच्यासाठी अडीच" करतो? इतकं प्रेम?

तारखा लावून बघायची सवय लावून घ्या, भिंगापेक्षा जास्त उपयोगी पडते. लेननचा हयातीतला शेवटचा अल्बम आला १७ नोव्हेंबर १९८० ला आणि त्याला गोळ्या घातल्या ८ डिसेंबरला, म्हणजे त्या अल्बमवर सही करायला त्याला मिळाले तीन आठवडे, आणि ऑनलाइन बघा किती "लेनन साइन्ड" प्रती फिरतायत. आपल्याकडे एकाने मला पाचगणीच्या शाळेतलं, क्वीन बँडच्या गायकाचं "फ्रेडी मर्क्युरी" सहीचं पुस्तक दाखवलं होतं. अरे बाबा, पाचगणीला होता तो फारुख बुलसारा, मर्क्युरी हे आडनाव त्याने १९७० च्या आसपास लंडनमध्ये घेतलं. शाळेतल्या पोराला भविष्य दिसत होतं काय.

---

डेडवॅक्स

थोडं अवांतर, पण भावाच्या वाढदिवसासाठी आहे म्हणून सुचवतो. सह्यांचा नाद सोड आणि भारतात दाबलेल्या बीटल्सच्या ७८ च्या (मिनिटाला ७८ फेरे फिरणाऱ्या) तबकड्या शोध. जगात बहुतेक ठिकाणी ७८ आरपीएम १९६० च्या आसपास संपलं, पण आपल्याकडे घरोघरी चावीचे ग्रामोफोन होते म्हणून कोलकात्याजवळ डमडमच्या कारखान्यात पार्लोफोनच्या लेबलवर बीटल्सची गाणी ७८ वर निघत राहिली. जगभरचे कलेक्टर त्यासाठी जीव टाकतात. त्यामुळे स्वस्त नाहीत आणि चोरबाजारात आता दुकानदारही हुशार झालेत, पण अडीच लाख तर नक्कीच नाही लागणार. मुख्य म्हणजे इथे खरं-खोटं हातात घेऊन कळतं, जड असते, लेबलच्या बाहेर गुळगुळीत भागात मॅट्रिक्स नंबर (रेकॉर्डिंगचा ओळख क्रमांक) कोरलेला असतो, आणि सुई ठेवली की वाजते. नेताना सांभाळ मात्र, पडली की तुकडेच. मी एक लोकलमध्ये फोडलीय, विषय नको.

---

निखिल_डोंबिवली

अपडेट. आज दुकानात जाऊन आलो. गिरगावकरकाकांनी सांगितलं तसं विचारलं की सप्टेंबरमध्ये तर एकटाच जॉर्ज होता ना. तर गडी एक सेकंद थांबला आणि म्हणतो, "हां हां, ताज नाही, दिल्लीचं ओबेरॉय, वडील तेव्हा तिकडे होते." तोंडावरची माशी पण हलली नाही हो. फ्रेम उघडून मागची बाजू दाखवा म्हटलं तर "सील तुटलं की गॅरंटी जाते". तज्ज्ञांची फी मी देतो म्हटल्यावर दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. तेवढ्यात भिंगातून काचेवरूनच बघून घेतलं, पॉलच्या पीची शेपटी एकदम बोथट आणि तिथे शाईचा गोळा.

नाही घेतली. आता डेडवॅक्स साहेब, व्यनि (खाजगी निरोप) करतोय, चोरबाजारात कुठल्या गल्लीत जायचं ते सांगा.

---

गिरगावकर

दिल्लीचं ओबेरॉय म्हणाला? म्हणजे धागा वाचतोय तो आपला. 😂

---

मंद्रसप्तक

वाचनखूण साठवली. माझा पण एक प्रश्न याच धाग्यात विचारतो. सासऱ्यांच्या कपाटात कुलाब्याच्या स्लिप डिस्क नाइटक्लबचा एक कागदी रुमाल सापडलाय, त्यावर १९७२ आणि दोन सह्या, लेड झेपलिन या इंग्लिश रॉक बँडच्या पेज आणि प्लांटच्या म्हणे. सासरे तेव्हा तिथे जायचे हे नक्की. यात काही दम असेल का?

---

खडूस_कलेक्टर

दोनच सह्या आहेत हे ऐकून बरं वाटलं. १९७२ ला मुंबईत ते दोघंच आले होते, इथल्या वादकांबरोबर रेकॉर्डिंग केलं आणि स्लिप डिस्कमध्ये वाजवलं पण होतं. गोष्ट तरी बसतेय. लॅमिनेट करू नका, सेलोटेप लावू नका, उन्हात ठेवू नका. दोन्ही बाजूंचे स्पष्ट फोटो टाका, आणि सासऱ्यांना आत्ताच बसवून कधी, कोणाबरोबर, कोणाच्या पेनने घेतली ते सगळं त्यांच्या हाताने लिहून घ्या, खाली तारीख आणि सही. त्यांचा त्या काळातला स्लिप डिस्कमधला एखादा फोटो असेल तर तोही त्याच पाकिटात.