चुनखडकात वॉटर सॅच्युरेशन (खडकातल्या पोकळ्यांत पाण्याचा वाटा) 35%, विहिरीच्या टेस्टमध्ये मात्र पाणीच. गणित कुठे फसलं?

लॉगशिकाऊ
मुंबई हाय तेलक्षेत्राच्या एल-3 थरासारख्या मायोसीन चुनखडकाचं सरावाचं उदाहरण आहे. लॉगमध्ये (विहिरीत उपकरण सोडून घेतलेली खोलीवार नोंद) गॅमा रे, म्हणजे नैसर्गिक किरणोत्सार, कमी, म्हणजे शेलचा (चिकणमातीच्या खडकाचा) प्रश्न नाही. डेन्सिटी-न्यूट्रॉन लॉगवरून पोरॉसिटी (पोकळ्यांचं प्रमाण) 20%, सोनिक (आवाजाच्या लहरीला लागणारा वेळ) 67 मायक्रोसेकंद प्रति फूट, डीप रेझिस्टिव्हिटी (विहिरीपासून आतल्या खडकाचा विजेला विरोध) 10 ओहम-मीटर, तळच्या तापमानाला पाण्याची 0.05. आर्चीच्या सूत्रात (रेझिस्टिव्हिटी आणि पोरॉसिटीवरून सॅच्युरेशन काढणारं; एम हा पोरॉसिटीचा घातांक, एन सॅच्युरेशनचा) ए = 1, एम = एन = 2 घातलं की सॅच्युरेशन 35% येतं. टेस्टमध्ये मात्र तेलाचा नुसता तवंग, बाकी पाणी. असं का?

खडकवेडा
सोनिककडे बघा, उत्तर तिथेच आहे. चुनखडकाला 47.5 आणि द्रवाला 189 धरलं तर सोनिक पोरॉसिटी जेमतेम 14% येते. उरलेले 6% म्हणजे सुट्या पोकळ्या, ज्यांना आपण व्हग म्हणतो. सोनिकची लहर त्यांना वळसा घालून घट्ट खडकातून आधी पोचते, म्हणून त्या तिच्या मोजणीत येत नाहीत.

विजेचंही तसंच. एकमेकींना न जोडलेल्या पोकळ्या पाण्याने भरलेल्या असल्या तरी त्यातून प्रवाह फारसा जात नाही. रेझिस्टिव्हिटी चढते, आणि एम = 2 धरल्यामुळे ती चढ तेलाच्या खात्यावर जाते. एम 2.6 करा, सॅच्युरेशन 57% होतं. 3 केलंत तर 79%! भेगाळ खडकात नेमकं उलटं: एम 2 च्या खाली जातो आणि 2 धरला तर असलेलं तेल हातचं निसटतं.

एम अंदाजाने ठरवू नका. तेल-पाणी पातळीच्या खालचे बिंदू घेऊन पिकेट प्लॉट (पोरॉसिटी आणि रेझिस्टिव्हिटीचा लॉग-लॉग आलेख, ज्याच्या उतारावरून एम मिळतो) काढा.

मडवाला
एमला हात लावण्याआधी ते पाणी त्याच थराचं आहे का ते बघा. क्लोराइड तपासा. पोटॅशियम क्लोराइडचा मड (ड्रिलिंगचा चिखल) असेल तर पोटॅशियमवरून फिल्ट्रेट (मडमधून खडकात झिरपलेलं पाणी) लगेच ओळखू येतं. सिमेंट बाँड लॉग (सिमेंट नीट चिकटलंय का ते दाखवणारा) खराब असेल तर पाणी केसिंगमागून (विहिरीतल्या पोलादी नळीमागून) खालच्या थरातून चढलेलं असू शकतं.

फॉर्मेशन प्रेशरचे (थरातल्या द्रवाच्या दाबाचे) बिंदू असतील तर खोलीनुसार दाबाचा उतार काढा: तेलाला साधारण 0.30 ते 0.35 पीएसआय प्रति फूट, पाण्याला 0.44 च्या आसपास. दोन बिंदूंतून रेघ कुठलीही निघते, निदान चार-पाच हवेत. व्हगी खडकात प्रोबचं (दाब मोजायला भिंतीला टेकवलेल्या नळीचं) सील सुटतं आणि मडचंच प्रेशर नोंदलं जातं. घट्ट खडकात सुपरचार्जिंगमुळे (मडच्या झिरपण्याने विहिरीलगत साठलेल्या जादा दाबामुळे) आकडा फुगतो. दोन्ही प्रकारचे बिंदू बाद.

लॉगशिकाऊ
क्लोराइड फॉर्मेशनच्या पाण्याशी जुळतं, सिमेंटही ठीक आहे. पिकेट काढला, पण पाण्याच्या झोनमध्ये पोरॉसिटी 18 ते 21% एवढीच आहे.

खडकवेडा
मग त्या उताराला अर्थ नाही. पसारा 10 ते 25% असता तर विश्वास ठेवला असता. एम कोअरवरून (विहिरीतून काढलेल्या खडकाच्या नमुन्यावरून) घ्या, तोही ओव्हरबर्डन प्रेशरखाली (वरच्या खडकांच्या भाराएवढ्या दाबाखाली) मोजलेला. कोअरमधून कापलेला दीड इंची प्लग मात्र टाळा: पोकळ्यांच्या जागी तो तुटतो, त्यामुळे हाती उरतो तो घट्ट भागच. फुल डायमीटर (पूर्ण जाडीचा) कोअर मागा.

मडवाला
हे सगळं चुनखडकापुरतं, बरं का. गुजरातेत पादऱ्याला डेक्कन ट्रॅपमधून तेल निघतं, तिथे हे गणित तसंच्या तसं लावू नका. अशा भेगाळ बेसाल्टमध्ये इमेज लॉग (विहिरीच्या भिंतीचं चित्र) आणि ड्रिलिंगच्या वेळी मड कुठल्या खोलीवर गायब झाला त्या नोंदी आधी उघडायच्या.