अनुभव सांगा: अतींद्रिय शक्तीचा दावा तुम्ही कधी तपासून पाहिलात?

दुसऱ्याच्या मनातलं ओळखणं, पुढचं आधीच कळणं, नुसत्या नजरेनं चमचा वाकवणं. 'याला आता शास्त्रीय पुरावा आहे' हे वाक्य तुमच्याही कानावर पडत असेल. ते हसण्यावारी नेऊ नये असं मला मनापासून वाटतं. या विषयावर अनेक दशकं खरोखरच प्रयोग झाले आहेत, आणि ते करणारे सगळे काही लबाड नव्हते. म्हणून तुमचा विश्वास आहे की नाही ते राहू द्या. कुठला दावा स्वतः तपासलात, कसा, आणि कुठे फसलात ते लिहा.

सुरुवात मीच करते. मी संख्याशास्त्र शिकवते. १९३० च्या दशकात अतींद्रिय शक्तीचे अमेरिकन संशोधक जे. बी. ऱ्हाइन यांनी ड्यूक विद्यापीठात ज्या पत्त्यांवर प्रयोग केले, त्यांवरची पाच चिन्हं मी वर्गात नेली: वर्तुळ, अधिक, नागमोडी रेघा, चौकोन, तारा. संगणक दर वेळी त्यातलं एक चिन्ह काढणार, मुलांनी ते न बघता ओळखायचं, असं २५ वेळा. नुसत्या अंदाजानं सरासरी ५ बरोबर येतात. ६० मुलांत एकाचे १० आले. वर्गानं टाळ्या वाजवल्या, तो लाजून लाल झाला. मग मी फळ्यावर गणित मांडलं. १० किंवा जास्त बरोबर येण्याची शक्यता एकेकट्यासाठी पावणेदोन टक्क्यांच्या आसपास, म्हणजे ६० जणांत असा एखादा निघणं अपेक्षितच. दुसऱ्या फेरीत त्याचे ४ आले. "मॅडम, या वेळी मन लागलं नाही," तो म्हणाला, आणि अगदी मनापासून म्हणाला. मला तिथेच थांबावंसं वाटलं. बरोबर आलं तर शक्ती आणि चुकलं तर मन लागलं नाही, असं एकदा ठरलं की तो दावा कधीच खोटा ठरू शकत नाही.

* * *

मी हौशी जादूगार. मित्रानं एका चमचा वाकवणाऱ्याला बघायला बोलावलं होतं. सोबत दोन डॉक्टर होते, दोघंही हुशार, दोघंही चमच्यावर टक लावून. मी त्याच्या मनगटाकडे बघत होतो. गप्पा मारता मारता त्यानं चमचा खुर्चीच्या कडेला टेकवून दाबला. वाकलेली जागा चिमटीत झाकली आणि बोटं सावकाश मागे घेत नेली. बघणाऱ्याला चमचा आत्ता, डोळ्यांदेखत मऊ पडतोय असंच वाटतं.

असले दावे उघडे पाडणारे जादूगार जेम्स रँडी यांनी अमेरिकेत वॉशिंग्टन विद्यापीठाच्या सेंट लुईसमधल्या एका प्रयोगशाळेत दोन तरुण जादूगार 'शक्तिधारी' म्हणून पाठवले होते, ते १९८३ मध्ये उघड झालं. तिथे चमच्यांना क्रमांकाच्या चिठ्ठ्या दोऱ्यानं बांधलेल्या असत. पोरं चिठ्ठ्यांची अदलाबदल करायची, की आधीचं आणि नंतरचं माप आपोआप वेगळं यायचं. काय काय सांभाळा याची यादी रँडींनी प्रयोगशाळेला आधीच कळवली होती, हे विशेष. शास्त्रज्ञांना मी नावं ठेवत नाही. धातू किंवा जिवाणू मुद्दाम फसवत नाहीत, त्यामुळे शास्त्रज्ञांना फसवणुकीची सवयच नसते. पण अशा प्रयोगाला आमच्यातला एक जण हवाच.

* * *

माझी मुलगी तेव्हा नऊ वर्षांची. मुलांचा मेंदू 'जागृत' करणाऱ्या एका वर्गाला तिला घातलं, आणि महिन्याभरात ती डोळ्यांवर पट्टी बांधून पुस्तक वाचायला लागली. पाहुणे आले की आम्ही कौतुकानं दाखवायचो. एकदा माझा भाऊ म्हणाला, "ताई, पुस्तक मांडीवर नको, कपाळासमोर धर." मी धरलं. ती अडली. हनुवटी वर करून मान मागे टाकायला लागली, आणि मला एकदम आठवलं की ती दर वेळी मान अशीच किंचित मागे टाकते.

ती झोपल्यावर मी तीच पट्टी स्वतःच्या डोळ्यांवर बांधली, घट्ट. समोरचं काही दिसेना. खाली पाहिलं तर नाकाच्या दोन्ही बाजूंच्या फटीतून माझ्या हातावरच्या रेषासुद्धा स्वच्छ दिसत होत्या.

दुसऱ्या दिवशी तिला जवळ घेऊन विचारलं. रागावणार नाही म्हटलं. "आई, खालून दिसतं गं. पण सर म्हणतात, तसं वाटतं फक्त, खरं ते मेंदूनंच दिसतं." ती खोटं बोलत नव्हती. मोठ्यांनी जे सांगितलं ते धरून बसली होती. वर्गाचा राग आला, त्याहून जास्त स्वतःचा. सहा महिने टाळ्या वाजवल्या, आणि पट्टी बांधून पाहायला पाच मिनिटं लागली.

* * *

मानसशास्त्राच्या एम.ए.ला असताना मानसशास्त्रज्ञ डॅरिल बेम यांचा, पुढचं आधीच कळतं असं सांगणारा २०११ चा शोधनिबंध वाचून मी भारावलो होतो. ९ प्रयोग, हजारावर माणसं, नामांकित नियतकालिक. दोनपैकी कुठल्या पडद्यामागे चित्र येणार हे लोकांनी ५० ऐवजी ५३.१ टक्के वेळा ओळखलं, तेही फक्त कामुक चित्रांच्या बाबतीत. मी तसाच छोटा प्रयोग केला. निकाल ५० च्या आसपास. मग मुलगे वेगळे काढले, मुली वेगळ्या, सकाळचे, संध्याकाळचे, डावखुरे. शेवटी संध्याकाळच्या मुलींत 'परिणाम' सापडला! गाइडनी एकच विचारलं, "संध्याकाळच्या मुली, हे आधी कुठे लिहून ठेवलं होतंस?" नव्हतं लिहिलं. पुढे कळलं की रिची, वाइझमन आणि फ्रेंच या मानसशास्त्रज्ञांनी बेम यांचा एक प्रयोग तीन ठिकाणी करून पाहिला आणि काहीच निघालं नाही. बेम यांचा निबंध छापणाऱ्या नियतकालिकानं तो निकाल छापायला नकार दिला. २०१२ मध्ये तो दुसरीकडे आला. हे मला अजून खुपतं.

* * *

मावशी स्वप्नात आली आणि दुसऱ्या दिवशी ती गेल्याचा फोन आला. तेव्हापासून मी उशाशी वही ठेवते, उठल्या उठल्या लिहिते. वर्षभरात माणसं आजारी पडल्याची, गेल्याची चौदा स्वप्नं लिहिली. सगळी धडधाकट आहेत. वही नसती तर यातलं एकही आठवलं नसतं. मावशीचं मात्र जन्मभर आठवेल.

* * *

मला वरचं सगळं पटतं, तरी माझी शंका मिटत नाही. डोळ्यांवर पिंगपाँगच्या चेंडूचे अर्धे, कानात एकसुरी खरखर, दुसऱ्या खोलीतला माणूस बघत असलेलं चित्र चारांतून ओळखायचं: या गान्झफेल्ड प्रयोगात २५ टक्क्यांहून जास्त बरोबर आल्याचे निकाल बरेच आहेत. १९८६ मध्ये टीकाकार रे हायमन आणि समर्थक चार्ल्स होनॉर्टन यांनी एकत्र बसून पुढच्या प्रयोगांसाठी कडक नियम लिहिले, तसं भांडण मला आवडतं. मला आणि माझ्या बहिणीला एकमेकींच्या मनातलं कळतं असं आम्ही लहानपणापासून मानतो. तपासायचं आहे. कसं करू?

* * *

सुरुवातीचा, वर्गातल्या पत्त्यांचा अनुभव मीच लिहिला होता, म्हणून उत्तर देते. चित्रं तुम्ही दोघींनी निवडू नका, तिसऱ्या माणसानं फासे टाकून निवडावीत. तो तुमच्यापैकी ओळखणारीच्या खोलीत नसावा. फोन बाहेर. किती फेऱ्या आणि किती बरोबर आले तर 'आलं' म्हणायचं, हे आधी कागदावर लिहून, सही करून पाकीट बंद करा. मधेच थांबायचं नाही, जास्तीची फेरी घ्यायची नाही.

* * *

ठरलं. ४० फेऱ्या, १८ बरोबर आले तरच. बहीण म्हणाली १५ ठेवू, मी नाही म्हटलं. पाकीट शेजारच्या काकूंकडे दिलंय. रविवारी बसतोय, जे येईल ते इथे लिहीन.