सिद्धांतवाल्यांनी एकदा बीमलाइनवर रात्र काढून दाखवावी

तापीकाठ: काल इथे एका सिम्युलेशनवाल्याने लिहिलं, की एक्स-रे स्कॅटरिंगमध्ये (नमुन्यावर किरण सोडून ते कोणत्या कोनात किती विखुरतात ते मोजण्यात) प्रयोगवाले नुसते वक्र आणून देतात, विज्ञान आम्ही करतो. वाचून डोकं सणकलं. आम्ही जळगावहून केळीच्या स्टार्चचे नमुने घेऊन इंदूरला इंडस-2 या प्रखर एक्स-रे देणाऱ्या सिंक्रोट्रॉन यंत्राच्या बीमलाइनवर (किरण नमुन्यावर सोडतात त्या जागी) गेलो होतो. ओल्या स्टार्चमध्ये साधारण 9 नॅनोमीटरच्या पदरांचं शिखर वक्रात दिसतं. मध्यरात्री सेल, म्हणजे नमुन्याची डबी, गळाला, नमुना सुकला, शिखर गायब. लॉगबुकात तसं ठळक लिहिलं. आमच्या सिद्धांतवाल्या साहेबांनी मात्र 'उष्णतेने पदर मोडले' असं अख्खं मॉडेल उभं केलं!

कागदपेन्सिल: तो सिम्युलेशनवाला मीच. लॉगबुक पाठवलं होतं का त्यांना? आमच्याकडे येते ती पार्श्वभूमी (नमुना सोडून बाकीच्या वस्तूंचं विखुरणं) वजा केलेली दोन रकान्यांची फाइल. एका गटाने दीड नॅनोमीटरच्या आसपास 'नवी रचना' सापडली म्हणून पेपर लिहायला घेतला. निघाली ती सेलच्या कॅप्टॉनच्या (पातळ प्लास्टिक पडद्याच्या) खिडकीची! रिकाम्या सेलचं मोजमाप मागितलं तर म्हणे बीमटाइम (यंत्रावर मिळालेला वेळ) संपला. आणि तुमच्या वक्रावर लांबुळके कण बसतात, तसेच लहानमोठे गोळेही बसतात. कोणते खरे, हे डिटेक्टर सांगतो का?

भुसावळ_जंक्शन: ते राहू द्या, पेपरवरच्या नावांचं बोला. 1912 मध्ये म्युनिकला स्फटिकातून एक्स-रे सोडले फ्रीडरिश आणि क्निपिंगने. तिथल्या सिद्धांताच्या प्राध्यापक झॉमरफेल्डला तर तो प्रयोगच फुकट वाटत होता. 1914 चं नोबेल कल्पना सुचवणाऱ्या एकट्या लाउएला. तेव्हापासून हेच चाललंय. माझ्या पीएचडीत तीन वर्षं नमुने मी केले, पहिलं नाव फिटिंग करणाऱ्याचं, म्हणजे वक्रावर मॉडेल बसवणाऱ्याचं.

कागदपेन्सिल: आणि एवाल्ड? त्याच्या प्रबंधावर बोलतानाच लाउएला स्फटिकातून एक्स-रे सोडायचं सुचलं. तो सिद्धांतवालाच होता. त्याला कुठे नोबेल मिळालं?

भुसावळ_जंक्शन: म्हणजे तुम्ही एकमेकांनाही सोडत नाही. छान.

धुळ्याची_ताई: भाऊ, इतला काबर तापी राहयना? रामचंद्रन आणि कर्था यांनी 1954 मध्ये कोलॅजेनची (कातडी-हाडांतल्या प्रथिनाची) तिहेरी गुंफण मांडली, ती मद्रासला एकाच विभागात बसून. विवर्तनाचा (नमुन्यातून विखुरलेल्या एक्स-रेंचा) फोटो आणि मॉडेल यांत पोस्टमन नव्हता. साहेबांना इंदूरला सोबत न्यायचं होतं.

तापीकाठ: ताई, न्यायला पैसे? माझं स्वतःचं तिकीट मंजूर व्हायला सेमिस्टर गेलं. त्यात प्राचार्य विचारतात, 'रजेवर चाललात, तर सुपरव्हिजन कोण करणार?'

भुसावळ_जंक्शन: सुपरव्हिजनचं काय घेऊन बसलात, आम्हाला निवडणुकीचं कामही लागतं. बीमटाइमची तारीख आणि मतदान एकाच आठवड्यात आलं होतं.

कागदपेन्सिल: बरं, माझी चूक, मी निवांत एसीत बसतो. पण सांगा, बीमटाइमचा प्रस्ताव लिहितानाच आम्हाला का विचारत नाही? किती लहान कोनापर्यंत मोजायचं, पाण्याचं प्रमाण किती टप्प्यांत बदलायचं, हे आधी ठरलं तर निम्मी भांडणं होणारच नाहीत. तुम्ही बोलावता ते पेपरच्या परीक्षकाने शेरा मारल्यावर.

तापीकाठ: हे एक खरं बोललात. एकच.

कागदपेन्सिल: उपकार झाले. आता ओल्या नमुन्यांचा कच्चा डेटा पाठवा, रिकाम्या सेलसकट. लॉगबुकाचे फोटोही.

तापीकाठ: पाठवतो. अक्षर लागलं नाही तर फोन करा, मनाने मॉडेल रचू नका.

भुसावळ_जंक्शन: आणि पहिलं नाव कोणाचं?