कोकणात कॉमिक्सचं दुकान चालणार नाही, असं कोण म्हणतं?

भाट्याचा वारा

काल 'सडेतोड' यांनी इथे लिहिलं की कोकणात कॉमिक्सचं दुकान हवं ही मुंबईहून परतलेल्या पन्नाशीच्या लोकांची हौस आहे. ज्याला हवं तो घरपोच मागवतो, आणि माळ्यावरची जुनी 'इंद्रजाल' कॉमिक्स रद्दीत गेली त्यात कुणाचं काही बिघडलं नाही. रात्री दोनदा उत्तर लिहून खोडलं. आता राहवत नाही.

मी मुंबईहून परतलेलो नाही. मी रत्नागिरी सोडलीच नाही. आमच्या लहानपणी एस.टी. स्टँडजवळ एक गृहस्थ गोणपाट पसरून कॉमिक्स भाड्याने द्यायचे. घरी नेलं तर दिवसाचे पंचवीस पैसे, तिथेच बसून वाचलं तर दहा. परत देताना ते पानं मोजायचे आणि अंगठ्याने मधली पिन दाबून बघायचे, कुणी मधलं पान काढून तर नाही ना घेतलं. आम्ही दहा पैसेवाले. दोन गुडघ्यांत मान घालून वाचायचं आणि शेजारच्याचं आधी संपलं तर त्याने पुढचं सांगू नये म्हणून त्याला कोपर मारायचं. इंद्रजालचा नायक वेताळ, म्हणजे इंग्रजीतला फँटम, मरत नाही असं सगळं जंगल समजतं, पण तो बापाकडून मुलाकडे चालत आलेला एकविसावा आहे, हे मला त्या गोणपाटावर एका अनोळखी मुलाने सांगितलं. तो पुढे चाळीस वर्षं माझा मित्र राहिला.

मे महिन्यात चाकरमानी यायचे. त्यांच्या होल्डॉलमध्ये मुंबईचे ताजे अंक असायचे. आतेभाऊ आला की आधी होल्डॉल उघडायचा, पाया नंतर पडायचं. एका नव्या अंकाला आमचे तीन जुने. तो अंक मग गावभर फिरायचा आणि गणपतीत पुन्हा हातात यायचा तेव्हा त्याला मुखपृष्ठ नसायचं.

घरपोच पुस्तक येतं. शेजारी बसलेला मुलगा येत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे. चाहते आधी आणि दुकान नंतर, असं नसतं. अमेरिकेतसुद्धा कॉमिक्स आधी पेपरवाल्याच्या स्टॉलवरच विकली जायची, न खपलेले अंक परत जायचे. १९७०च्या दशकात काही दुकानदारांनी जास्त कमिशनवर, पण परत न करण्याच्या बोलीवर माल घ्यायला सुरुवात केली. साहजिकच न खपलेले अंक त्यांच्याकडेच साठले. ते जुने अंक शोधायला लोक यायला लागले, आणि आले ते तिथेच गप्पा मारत थांबले. आणि वाचक नाहीत हे रत्नागिरीबद्दल तरी बोलू नका. इथलं जिल्हा नगर वाचनालय १८२८ सालचं आहे.

सडेतोड

मीच तो. उत्तर देतो.

माझ्या वडिलांकडे इंद्रजालचे दोनशेच्या वर अंक होते, मराठी. पत्र्याच्या ट्रंकेत, माळ्यावर. ते गेल्यावर ट्रंक उघडली. वरच्या थरात कसर वळवळत होती, पिना गंजून प्रत्येक अंकाच्या मधोमध तांबडे डाग, खालचे अंक बुरशीने एकमेकांना चिकटलेले. बहिणीला दमा आहे. मी सगळं किलोवर दिलं. पुढे कळलं की त्यातले बरे अंक एका मुंबईच्या संग्राहकाने रद्दीवाल्याकडून उचलले आणि एकेक अंक हजारांत विकला. वरच्या पानावर वडिलांची सही होती. तिचा फोटो त्याने जाहिरातीत टाकला.

हे तुमचे चाहते. गावोगाव फिरून म्हाताऱ्यांना शंभर रुपये देऊन ट्रंका रिकाम्या करणारे. मला त्यांच्यासाठी दुकान नको आहे. मी रद्दीत घातली म्हणून घरचे पाच वर्षं ऐकवतायत, आता तुम्हीही ऐकवा.

भाट्याचा वारा

सहीचं वाचून वाईट वाटलं, मनापासून सांगतो. पण दादा, उघड्यावर भाव लिहिलेलं दुकान जवळ असतं तर तुम्ही ट्रंक घेऊन आधी तिथे गेला असतात. किलोवर गेली ती विचारायला कुणी नव्हतं म्हणूनच.

वेंगुर्ल्याची

सगळे वेताळ वेताळ लिहिताय म्हणून मध्ये बोलते. आमच्याकडे वेतोबा आहे. आरवलीचा. रात्री गावाची राखण करत फिरतो, चालून चालून त्याच्या चपला झिजतात, म्हणून लोक त्याला भल्यामोठ्या चामड्याच्या चपला वाहतात, केळ्यांचे घड वाहतात. भाऊ इंद्रजाल घेऊन आला की आजी ओरडायची, "ता जमनीर ठेव नको, देवाचा नाव आसा तेच्यार." आम्ही पाटावर ठेवून वाचायचो. मला दहाव्या वर्षापर्यंत दोघे एकच वाटायचे. दोघे रात्री फिरतात, दोघे राखण करतात, दोघांना मरण नाही. देवळातल्या चपला बघून मी विचारलं होतं की याचा घोडा कुठे आहे.

तिठ्यावरचा

ताई, तुमची आठवण गोड आहे पण मला त्याच नावाचा राग येतो. एक गोरा माणूस कवटीच्या आकाराच्या गुहेत सिंहासनावर बसतो, काळ्या टोळ्यांचे तंटे सोडवतो, त्या टोळ्या त्याला देव मानतात. ली फॉकने १९३६ साली हे लिहिलं तेव्हाच्या अमेरिकेत ते चाललं. त्याला आमच्या राखणदाराचं नाव देताना कुणाला काही वाटलं नाही? वेतोबा आमच्यातला आहे. गावकऱ्यांच्या चपला घालतो.

वेताळभक्त

आमच्या लहानपणावर आता असा खटला भरणार का? इंद्रजालच्या संपादकांना काही वाटत नव्हतं असं नाही. मूळ गोष्टीतल्या देशाचं नाव 'बंगाली' होतं, ते इथल्या वाचकांना खुपेल म्हणून त्यांनी 'डेंकाली' केलं. माणसं विचार करत होती. 'वेताळ' हे नाव तर सगळ्यात नेमकं आहे. इंग्रजीतलं नाव मराठी अक्षरांत लिहून दिलं असतं तर तुमच्या आजीने ते पाटावर ठेवलं असतं का?

तिठ्यावरचा

देशाचं नाव बदललं आणि सिंहासन तसंच ठेवलं. म्हणजे खुपणार कुणाला याचा विचार झाला, खरं काय याचा नाही. आणि मी इंद्रजालमध्येच १९७६ साली आलेल्या बहादूरबद्दल बोलायला तयार आहे. आबिद सुरतींनी डाकूचा मुलगा घेतला आणि त्याला गावाच्या बाजूने उभा केला. भारतातला माणूस, भारतातली भांडणं. पण मराठी चाहत्यांच्या कुठल्याही गप्पांत बहादूरला पाच मिनिटं मिळतात, आणि वेताळाचा पोशाख निळा की जांभळा यावर रात्र जाते.

वेताळभक्त

निळा. सुरुवातीच्या अंकांत निळाच होता, जांभळा नंतर झाला. आणि बहादूर मलाही आवडतो. तुम्हाला कुणी अडवलंय त्याच्यावर लिहायला?

तिठ्यावरचा

बघा. रंगावर आलातच.

आणखी एक. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाची चित्रकथी आहे. सुटी चित्रं, दोन दोन पाठीला पाठ चिकटवलेली, एका गोष्टीचा एक गठ्ठा, त्याला पोथी म्हणतात. फळीला टेकवून एकेक चित्र दाखवायचं आणि वीणा, टाळ, हुडुकच्या साथीवर रामायण-महाभारतातलं आख्यान गायचं. परशुराम गंगावणे यांना २०२१ साली त्यासाठी पद्मश्री मिळाली. चित्रांमागून चित्रं लावून गोष्ट सांगायची कला आपल्या जिल्ह्यात आहे, आणि कॉमिक्सच्या धाग्यात चाळीस वर्षांच्या वाचकांपैकी एकाने तिचं नाव घेतलं नाही. दुकान काढाल तर आधी ती पोथी दर्शनी लावा.

वेंगुर्ल्याची

मी आजीबद्दल लिहिलं होतं. ते कुठे गेलं?

तिठ्यावरच्या दादांना एवढंच सांगते. वेतोबाचं नाव परक्याला दिलं म्हणून आमच्या घरात कुणाची भक्ती कमी झाली नाही. उलट एरवी कोपऱ्यात फेकलं असतं ते पुस्तक पाटावर गेलं. मी वाचायला त्या पाटावर शिकले. ते तुम्ही चूक ठरवू शकत नाही.

तिठ्यावरचा

ते चूक ठरवत नाही. तुमच्या पाटापुरतं मान्य.

मांडवी_२१

मी इथे एकटीच विशीतली दिसतेय. सगळ्या काकांना विचारते, तुम्ही ज्या दुकानाबद्दल बोलताय त्यात मी आहे का?

आम्ही कॉलेजचे चौदा जण आहोत. रविवारी मांडवीच्या जेट्टीवर भेटतो. मांगा, म्हणजे जपानी कॉमिक्स, वाचतो. एक खंड चारशे-पाचशेला पडतो, एकेका मालिकेचे शंभरावर खंड आहेत, म्हणून वर्गणी काढून घेतो आणि वहीत नोंद करून फिरवतो. फोनवर फुकट मिळतं, आम्हीही वाचतो, नाही कशाला म्हणू. पण जे मनापासून आवडतं ते कागदावर हवंसं वाटतं. गेल्या वर्षी एका दुकानात विचारायला गेले. दुकानदाराने खंड उघडला, शेवटचं पान आधी आलं, म्हणाले छपाई उलटी झाली आहे, असला माल ठेवत नाही. मी सांगितलं की हे उजवीकडून डावीकडेच वाचतात. त्यांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाले, लग्नाच्या वयात कार्टून काय वाचतेस. माझ्याबरोबरच्या मुलाला मात्र बसायला स्टूल दिलं.

तुमच्या गोणपाटावर मुली होत्या का? खरं सांगा.

भाट्याचा वारा

नव्हत्या. बहिणीला मी घरी नेऊन द्यायचो, तेसुद्धा कधीतरी. तिच्याकडून पंचवीस पैशांतले पंधरा घ्यायचो आणि आधी मी वाचायचो. हे आज पहिल्यांदा कबूल करतोय. तू विचारलंस ते बरोबर आहे.

वेताळभक्त

मांगा आणि इंद्रजाल एकत्र नका करू. ते डोळे, त्या किंकाळ्या, एका मारामारीला तीन खंड. आमच्याकडे एका अंकात गोष्ट संपायची.

मांडवी_२१

काका, तुम्ही एकही पूर्ण खंड वाचलाय का? नसेल तर वाचून बोला. मी तुमचे इंद्रजाल वाचलेत, आजोबांकडे होते. गोष्ट संपते खरी, पण नायिका प्रत्येक वेळी दोरीने बांधलेलीच असते.

वाशिष्ठीकाठचा दुकानदार

इतका वेळ वाचत होतो. सगळे दुकान काढा म्हणताय, दुकानदार कुणीच नाही. मी आहे. चिपळूण.

२०१४ पासून माझ्याकडे कॉमिक्सचं कपाट होतं. अमर चित्रकथा, टिंकल, राज कॉमिक्स, थोडे इंग्रजी. माझं घर चालतं ते जूनच्या वह्या-गाइडांवर. कपाटातल्या मालावर मला पंचवीस टक्के सुटायचे आणि न खपलेला माल घाऊकवाला परत घेत नव्हता. मुलं यायची, उभ्याने वाचायची, टिंकलच्या पानावर वडापावचं तेल लागायचं, आणि तो अंक माझ्या अंगावर पडायचा. तरी कपाट काढलं नाही, कारण वाचून झाल्यावर त्यातला एखादा पेन घ्यायचा.

२२ जुलै २०२१. पहाटे पाणी आलं, दुपारपर्यंत दुकान छपरापर्यंत बुडालं. दोन दिवसांनी शटर उघडलं तेव्हा चिखल गुडघ्याएवढा. एक गोष्ट सांगतो, जी पुस्तकं साठवणाऱ्या सगळ्यांनी ऐकावी. साध्या, खरखरीत कागदावरचे जुने अंक मी पान पान सोडवून दोरीवर वाळवले, त्यातले काही बचावले. गुळगुळीत कागदावरचे नवे अंक वाळता वाळता विटेसारखे झाले. त्या कागदावरचा थर ओला झाला की पानं एकमेकांत मुरतात, चाकूनेही सुटत नाहीत. एकेक वीट हातात घेऊन मी कचऱ्याच्या डंपरमध्ये टाकली. विम्यात कॉमिक्स कुठल्या रकान्यात लिहायची ते सर्व्हेअरला कळेना, शेवटी 'इतर स्टेशनरी' लिहिलं.

आणि अमेरिकेचं उदाहरण देणाऱ्यांना सांगतो, तिथल्या दुकानांना माल पुरवणाऱ्या, एके काळी सगळ्यात मोठ्या असलेल्या वितरकाने जानेवारी २०२५ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. परत न करण्याच्या बोलीवर उभा राहिलेला धंदा शेवटी कुणाच्या अंगावर येतो ते बघा.

सडेतोड

हेच मी म्हणत होतो. फक्त इतकं नीट मला लिहिता आलं नाही.

भाट्याचा वारा

मालक, तुमचं वाचून गप्प बसलो. परत न करण्याच्या बोलीचा मुद्दा सोडतो, तुमचा अनुभव मोठा. पण तुम्हीच लिहिलंत की तरी कपाट काढलं नाही. सात वर्षं ठेवलंत. का ठेवलंत ते पेनापुरतं नसणार.

वाशिष्ठीकाठचा दुकानदार

नसेल. एक मुलगा रोज शाळा सुटल्यावर यायचा, त्याची आई बाजारात मासळी विकायची, ती उठेपर्यंत माझ्याकडे वाचत बसायचा. पुरानंतर तिसऱ्या दिवशी तो खराटा घेऊन आला. न बोलावता.

मांडवी_२१

मालक, विकत ठेवू नका. जागा द्या. पुस्तकं आमची, नोंदवही आमची, फाटलं तर आमचं. चिपळूणला आमच्यातले तिघे रोज रेल्वेने जातात. महिन्यातून एक शनिवार. मुली असतील, हे आधी सांगते.

वेताळभक्त

माझ्याकडे दुबार असलेले तीसेक मराठी अंक आहेत. विकायला नाही, वाचायला देईन. पण प्लास्टिकच्या पिशवीतून काढायचे नाहीत.

वाशिष्ठीकाठचा दुकानदार

पिशवीतून आधी तुम्हीच काढा. कोकणच्या हवेत बंद प्लास्टिकमध्ये ओल कोंडते आणि पिना आतून गंजतात. कापडात वेखंडाचे तुकडे घालून ठेवा, पिना काढून दोऱ्याने शिवा.

वेताळभक्त

पिना काढल्या तर अंकाची किंमत जाते.

सडेतोड

कुणाला विकणार आहात?

वेताळभक्त

बरं. शिवतो.

वाशिष्ठीकाठचा दुकानदार

जूनमध्ये जमणार नाही, वह्यांची गर्दी असते. मे महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी दुपारी तीनला या. मागच्या दोन फळ्या रिकाम्या करतो. खालची फळी वापरायची नाही. पुस्तकं भिंतीला टेकवायची नाहीत, मागे चार बोटं जागा सोडायची. पिंगुळीची पोथी कुणी आणणार असेल तर आधी कळवा, ती मी फळीवर नाही, काउंटरवर ठेवीन.

सडेतोड

मी येईन असं म्हणत नाही. ट्रंक अजून आहे, आतून घासून ठेवली आहे. लागली तर कळवा, रेल्वेने पाठवतो.