‘महापौर’ म्हटलं की नेमकं कोण?

प्रश्न : लंडनवरचा एक लेख मराठीत आणतेय. ‘बस आणि मेट्रोची भाडी महापौर ठरवतात’ असं लिहिलं आणि हात थांबला. मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे महापौर म्हणजे सभा चालवणारे, पाहुण्यांचं स्वागत करणारे, ‘महापौर चषक’ देणारे. ‘मेयर’साठी दुसरा शब्द घ्यावा का?

उत्तर : नको. शब्द निर्दोष आहे. ‘पुर’वरून ‘पौर’, म्हणजे शहरात राहणारा. महापौर म्हणजे त्यांच्यातला मोठा. हा शब्द सावरकरांनी दिला. ‘मेयर’च्या मुळाशीही ‘अधिक मोठा’ अशा अर्थाचा लॅटिन शब्द आहे, म्हणून जोडी इतकी चपखल जमली. दोन्हींत मान आहे, हुकूम नाही. ‘आयुक्त’ म्हणजे नेमलेला, आणि मुंबईत 1888च्या कायद्यापासून कार्यकारी अधिकार या नेमलेल्या माणसाकडेच आहेत. 1931मध्ये महापालिकेच्या ‘प्रेसिडेंट’ला ‘मेयर’ म्हणू लागले, पण कारभाराची चावी आयुक्तांकडेच राहिली. मला हे मनापासून खटकतं. नाला तुंबला तर लोक ज्याला मत देऊ शकतात, त्याच्याच हाती तो उपसायचे अधिकार हवेत.

आणखी एक : आमच्या नगरपालिकेच्या गावात ‘थेट नगराध्यक्ष’ हा शब्द सगळ्यांच्या तोंडी आहे. तिथे नगराध्यक्ष लोकांच्या मतांनी येतो. महापौर मात्र नगरसेवक निवडतात, आधी आरक्षणाची सोडत, मग अडीच वर्षं. लहान गावाला जो हक्क, तो मोठ्या शहराला का नाही? पण ‘थेट’चा त्रासही पाहिलाय. नगराध्यक्ष एका पक्षाचा, सभागृहात बहुमत दुसऱ्याचं. मग ठराव अडकून पडतात.

उत्तर : खरं आहे. म्हणूनच नुसती थेट निवडणूक पुरणार नाही. अंदाजपत्रक कोण मांडणार, अधिकारी कोणाला जबाबदार, हेही कायद्यात बदलायला हवं. मुंबई-नागपुरात 1998मध्ये ‘मेयर-इन-कौन्सिल’, म्हणजे कार्यकारी अधिकार महापौर आणि त्यांच्या मंडळाकडे देणारी पद्धत, आणली होती, ती वर्षभरातच गुंडाळली. रुजायलाही वेळ मिळाला नाही. मध्य प्रदेशात महापौर लोकांनी थेट निवडलेला असतो आणि तिथेही शब्द हाच आहे. म्हणजे ‘महापौर’ या शब्दाला अधिकाराचं वजन पेलतं.

प्रश्न : मग लंडनसाठी काय लिहू?

उत्तर : पहिल्या उल्लेखाला ‘लोकांनी थेट निवडलेले महापौर’, पुढे नुसतं ‘महापौर’. हे पद 2000पासूनचं आहे, तेही एका ओळीत सांगा. आणि लेखात ‘लॉर्ड मेयर’ आले तर त्यांना महापौर करू नका, तसंच ठेवा. ते ‘सिटी’ म्हणवणाऱ्या जुन्या चौरस मैलाचं, कित्येक शतकं जुनं, वेगळंच पद आहे.