मुलाखतीला ब्लेझर लागतो म्हणे!

जतकर
परवापासून एका ‘मार्गदर्शक’ सरांची पोस्ट फिरतेय. एमपीएससीच्या राज्यसेवेची मुलाखत म्हणे दारातून आत येतानाच ठरते. सबब नेव्ही ब्लू ब्लेझर, चकाचक बूट, चेहऱ्यावर मंद स्मित आणि ‘गावाकडचा हेल घालवा’. खाली त्यांच्याच मॉकची, म्हणजे सराव मुलाखतीची, जाहिरात. डोकंच फिरलं. मेन्स, म्हणजे मुख्य परीक्षा, लिहून बोटं सुजलेल्या पोराला हेल घालवायला सांगता? उद्या तहसीलला बसून तो ज्यांचं गाऱ्हाणं ऐकणार, ती माणसं त्याच हेलात बोलणार आहेत. माझ्या रूममेटला पॅनेलने म्हैसाळ उपसा सिंचन योजनेवर विचारलं. पठ्ठ्या साध्या पांढऱ्या शर्टात, अस्सल जतच्या बोलीत सांगत सुटला. टोकाच्या गावाला पाणी का पोचत नाही, पाणीपट्टी का थकते, पंपाच्या वीजबिलाचं घोंगडं कुठं भिजत पडतं. एक मेंबर चष्मा काढून, पुढे सरकून ऐकत होते म्हणे. निवड झाली त्याची. ब्लेझर विचारला नाही कुणी.

सदाशिवपेठी
एका रूममेटवरून नियम काढू नका. जुने १०० मार्क गेले, नव्या पॅटर्नमध्ये मुलाखत २७५ ची आहे. एका मार्काने डेप्युटी कलेक्टरचा नायब तहसीलदार होतो. मी मॉक दिले तेव्हा कुठे कळलं, की उत्तर देताना मी पाय हलवतो आणि मधल्या मेंबरकडेच बघत राहतो. मित्र हे तोंडावर सांगत नाहीत.

हिरकणी_९
ब्लेझरचं काय घेऊन बसलात? आम्हाला साडीच! क्लासच्या मॅडम म्हणाल्या, पंजाबी ड्रेस म्हणजे ‘सीरियस नाही’ असं दिसतं. माझ्या शेजारी बसलेली मुलगी नंबर येईपर्यंत खांद्यावरची पिन चाचपत होती. चालू घडामोडी राहिल्या बाजूला. मी साध्या कॉटनच्या ड्रेसवर गेले, पॅनेलने ‘हं’ सुद्धा केलं नाही.

अभ्यासिका_खुर्ची_४
ताई, साडीत वाईट काय आहे? माझी बहीण साडीतच गेली होती. भारदस्त दिसतं. आपली संस्कृती आहे.

हिरकणी_९
साडी वाईट असं मी कुठे म्हटलं? नीट वाच. सक्ती नको म्हणतेय. आणि संस्कृतीचंच म्हणशील तर तू धोतर नेसून जा की. बघू कितीजण भारदस्त म्हणतात.

अभ्यासिका_खुर्ची_४
घ्या! साधं मत मांडलं तर धोतरावर आल्या.

काळा_कोट
भांडणं चालू द्या, पण एक सांगतो. अजय हासिया खटल्यात श्रीनगरच्या इंजिनीअरिंग कॉलेजने दोन-तीन मिनिटांच्या मुलाखतीला एकूण मार्कांच्या एक तृतीयांश मार्क ठेवले होते. सर्वोच्च न्यायालयाने ते मनमानी ठरवलं, १५ टक्क्यांवर नको म्हटलं. १९८५ च्या अशोककुमार यादव प्रकरणात, नोकरभरतीसाठी, ती रेघ १२.२ टक्क्यांवर आली. आता राज्यसेवेत एकूण २०२५ मार्कांपैकी २७५ म्हणजे साडेतेरा टक्क्यांच्या वर. दारातच निकाल लागतो हे खरं असेल तर सरांनी ब्लेझर विकू नये, रिट टाकावी.

सदाशिवपेठी
वकीलसाहेब, यूपीएससीतही हेच गणित आहे. तिथे जाऊन सांगा.

काळा_कोट
म्हणजे तिथे आहे म्हणून इथे बरोबर? वा!

मेसचा_डबा
कपड्यांचं सोडा, छंदाच्या रकान्यावर बोला कुणीतरी. सगळे ‘वाचन’ लिहितात. मी खरं तेच लिहिलं, शेळ्या सांभाळणे. मॉकवाले हसले, ‘ट्रेकिंग टाका’ म्हणाले. टाकलं. पॅनेलने विचारलं, शेवटचा किल्ला कुठला चढलात? घाम फुटला. उस्मानाबादी शेळीवर अर्धा तास बोललो असतो हो!

जतकर
@सदाशिवपेठी, आता बोला. तुमच्या मॉकने ह्याचं वाटोळं केलं.

सदाशिवपेठी
खोटं लिहा असं मी म्हणालो नव्हतो. बरं, हेलाचा मुद्दा मान्य. तेवढाच. इस्त्रीचा शर्ट आणि कापलेली नखं मात्र लागतातच, त्याला क्लास लागत नाही हेही मान्य. खूश?

हिरकणी_९
पाय हलवायचं कळायला किती फी भरली ते राहिलंच.

अभ्यासिका_खुर्ची_४
साडीवर अजून कुणी उत्तर दिलेलं नाही.