राउटर नसताना संगणक १६९.२५४ चा पत्ता कसा निवडतो?

प्रश्न – वागळे इस्टेट, ठाणे
नमस्कार. आमच्या वर्कशॉपमध्ये सुटे भाग तपासणारा एक कॅमेरा विंडोज लॅपटॉपला थेट केबलने जोडलेला आहे. मध्ये राउटर नाही आणि कोणी हाताने आयपी पत्ताही भरलेला नाही. तरीही काही वेळाने लॅपटॉप १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता घेतो, आणि बंद करून पुन्हा चालू केला तरी बहुधा तोच पत्ता येतो. हा पत्ता यादृच्छिक असतो असे ऐकले होते. मग तोच परत कसा येतो? दोन यंत्रांनी एकच पत्ता निवडला तर काय होते?

उत्तर १ – ऐरोली
पत्ता यादृच्छिकच असतो, पण ती यादृच्छिकता मुद्दाम बांधलेली असते. २००५ च्या आरएफसी ३९२७ (इंटरनेटच्या नियमांचा एक दस्तऐवज) नुसार १६९.२५४.१.० ते १६९.२५४.२५४.२५५ या ६५,०२४ पत्त्यांतून एक निवडायचा असतो, आणि निवडीचे सीड (ज्या आकड्यापासून यादृच्छिक निवड सुरू होते तो) शक्यतो नेटवर्क कार्डाच्या मॅक पत्त्यावरून, म्हणजे कार्डाच्या स्वतःच्या ओळख क्रमांकावरून, घ्यायचे असते, म्हणून प्रत्येक वेळी तोच पत्ता निघतो. सीड घड्याळावरून घेऊ नये याचे कारण आपल्याला लगेच पटेल: पावसाळ्यात गेलेली वीज परत आली की वर्कशॉपमधली सगळी यंत्रे एकाच क्षणी सुरू होतात, आणि सर्वांचे सीड सारखे असेल तर ती पुन्हा पुन्हा एकाच पत्त्यावर येऊन आदळत राहतील.

पत्ता वापरण्याआधी यंत्र एआरपीद्वारे (कोणता आयपी पत्ता कोणत्या यंत्राकडे आहे हे विचारण्याची पद्धत) तीनदा विचारते की हा कोणाकडे आहे का. त्या वेळी स्वतःचा पत्ता ०.०.०.० असा पाठवते, जेणेकरून इतरांच्या नोंदी बिघडू नयेत. कोणी उत्तर दिले तर ते दुसरा पत्ता निवडते, आणि दहा वेळा टक्कर झाल्यास मिनिटाला एकच प्रयत्न करते. विंडोज त्याआधी डीएचसीपीची, म्हणजे राउटरसारख्या यंत्राकडून आपोआप पत्ता मिळण्याची, वाट पाहते, म्हणून आपल्याला तो उशीर जाणवतो.

उत्तर २ – नौपाडा
वाय-फायही चालू असेल तर आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. केबलचे आणि वाय-फायचे अशा दोन्ही कार्डांना १६९.२५४ चे पत्ते मिळाले, तर कॅमेऱ्याकडे कोणत्या कार्डातून जायचे हे पत्त्यावरून कळत नाही. ज्याचे मेट्रिक (मार्गाच्या पसंतीचा आकडा) कमी, त्या कार्डातून विंडोज पॅकेट पाठवते, मग कॅमेरा दुसऱ्या केबलवर का असेना. आयपीव्ही६ मध्ये (आयपीव्ही४ नंतरच्या नव्या पत्तापद्धतीत) प्रत्येक कार्डाला एफई८० ने सुरू होणारा असाच स्थानिक पत्ता असतोच, म्हणून तिथे पत्त्यानंतर टक्क्याचे चिन्ह आणि कार्डाचा क्रमांक लिहितात. ही सोय आयपीव्ही४ मध्ये नाही, आणि माझ्या मते ही त्यातली खरी उणीव आहे.

प्रश्नकर्ता – वागळे इस्टेट
दोघांचेही मनापासून आभार. वाय-फाय बंद करताच कॅमेरा सापडला. मग १६९.२५४ मधलाच एक पत्ता दोन्हीकडे हाताने कायमचा भरून ठेवावा का?

उत्तर १ – ऐरोली
तसे करू नका. हा पट्टा यंत्रांनी आपसात ठरवण्यासाठी राखलेला आहे, त्यात हाताने पत्ता भरू नये असे आरएफसीच सांगते. कायमचा पत्ता हवा असेल तर १९२.१६८ मधला घ्या. फक्त तो आपल्या वाय-फायच्या नेटवर्कहून वेगळा ठेवा.